कापरेकर मास्तरांच्या वर्गातली मुलं शोधा

प्रति,
नाशिक, नाशिकरोड, देवळाली आणि भगूर इथल्या शाळांचे मुख्याध्यापक आणि गणिताचे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणं एकच आहे आणि त्याला उशीर परवडणारा नाही, म्हणून आधी तेच सांगतो. संख्यांवरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे गणिताचे मास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९६२ साली देवळालीच्या शाळेतून निवृत्त झाले. त्या वर्षी त्यांच्यासमोर बाकावर बसलेला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्या आधीच्या तुकड्यांतली मंडळी ऐंशी-नव्वदीत आहेत. कुणी अजून देवळालीत असेल, कुणी भगूरला, कुणी नाशिकरोडच्या एखाद्या सोसायटीत, कुणी मुलाकडे पुण्याला जाऊन राहिलं असेल. तुमच्याच आठवीतल्या एखाद्या मुलीचे पणजोबा असतील. त्यांना गाठा आणि मास्तर वर्गात कसे शिकवायचे ते त्यांच्या तोंडून उतरवून घ्या. पत्राचा बाकीचा भाग हे का आणि कसं यासाठी आहे. आयुष्यभर गणित शिकवलं, सिद्धता दिल्याशिवाय राहवत नाही.

मी स्वतः त्यांचा विद्यार्थी नव्हे. त्यांच्याबद्दल जे वाचलं ते छापील मजकुरातूनच. तो वाचताना एक गोष्ट खटकत राहिली. त्यांच्या संख्यांबद्दल पानंच्या पानं, आणि मास्तरकीबद्दल एखाद-दुसरं वाक्य: ‘ते चांगले शिक्षक होते, संख्यांच्या प्रेमातून मुलांना गोडी लावत, आसपासच्या कॉलेजांतून त्यांना व्याख्यानाला बोलावणं येई.’ बस्स. तीसेक वर्षांची नोकरी एका वाक्यात संपते. आपण सगळे याच धंद्यातले. ते एक वाक्य वाचून तुम्हालाही पुढचं विचारावंसं वाटेल: गोडी लावत म्हणजे नेमकं काय करत? सकाळच्या पहिल्या तासाला, पन्नास पोरांपुढे?

ज्यांना त्यांचा पूर्वेतिहास माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला जन्म. आठ वर्षांचे असताना आई गेली, वडिलांनी वाढवलं. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद असलेले. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच, आणि पोराला आकड्यांची गोडी तिथून लागली असं त्यांच्या चरित्रात लिहिलेलं आढळतं. ग्रहांचं बळ राहू द्या बाजूला, आकड्यांनी मात्र त्यांना जन्मभर सोडलं नाही. माध्यमिक शाळा ठाण्याला, १९२३ पासून पुण्याला फर्ग्युसन कॉलेज. तिथे १९२७ साली विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती कामासाठी असलेलं, रँग्लर परांजपे यांच्या नावाचं बक्षीस मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले. पुढे एम.एस्सी. नाही, परदेश नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. देवळालीच्या शाळेत गणिताचे मास्तर म्हणून लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच.

आणि या शाळामास्तरांचं नाव आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत आहे ते ६१७४ मुळे.

तुम्ही हा खेळ वर्गात केला असेलच, तरी पुन्हा एकदा करू. त्यांच्या निवृत्तीचं साल घ्या: १९६२. अंक उतरत्या क्रमाने लावले की ९६२१, चढत्या क्रमाने १२६९. मोठीतून लहान वजा करा, ८३५२. पुन्हा तसंच: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. दोन पायऱ्यांत पोहोचलो. आता ६१७४ ला तेच करून पाहा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. इथून पुढे रस्ता नाही. आता जन्मसाल घ्या, १९०५. त्यातून क्रमाने येतात ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. सात पायऱ्या. यापेक्षा जास्त पायऱ्या कुठल्याच चार अंकी संख्येला लागत नाहीत. चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं, बाकी सगळे रस्ते तिथेच जातात. हा शोध चाळीसच्या दशकातला. १९५५ साली तो ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकी नियतकालिकात छापून आला, आणि ६१७४ ला आज कापरेकर स्थिरांक म्हणतात.

गणितज्ञांना यात काय दिसतं ते त्यांचं ते बघतील. मला यात मास्तर दिसतो. बघा, हा खेळ करायला काय लागतं? हातच्याची वजाबाकी, दुसरं काही नाही. हातचा घेताना चुकणाऱ्या पोराकडून वीस वजाबाक्या करून घ्यायच्या म्हटल्या तर तिसऱ्या उदाहरणाला ते खिडकीबाहेर बघायला लागतं. इथे तेच पोर आपल्या जन्मसालाचं काय होतं म्हणून सात वजाबाक्या एका दमात करतं, मग शेजाऱ्याच्या जन्मसालाच्या, मग घराच्या नंबरच्या. यात आणखी एक सोय आहे, ती शिकवणाऱ्यालाच कळेल. मधली एखादी वजाबाकी चुकली तरी, त्या चुकीच्या उत्तराचे चारही अंक सारखे आले नसतील तर, पोर शेवटी ६१७४ लाच पोहोचतं. चुकलेल्याची फजिती होत नाही. आणि चूक पकडायचीच असेल तर तेही सोपं: प्रत्येक वजाबाकीच्या उत्तराला ९ ने भाग गेलाच पाहिजे. अंकांची बेरीज करून मूल स्वतःच ताडून पाहू शकतं. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. २१११ मधून १११२ गेले की ९९९ उरतात, तिथे पुढचं शून्य धरून ०९९९ लिहायला सांगा, नाहीतर मुलं तीनच अंक घेऊन अडकून बसतात.

नववीत तर याची सिद्धताही करून घेता येते. अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ असे धरले तर वजाबाकी होते ९९९ गुणिले (क − घ) अधिक ९० गुणिले (ख − ग). म्हणजे उत्तर या दोन फरकांवरच ठरतं. ९,९९० संख्या तपासायच्या ऐवजी फरकांच्या फक्त ५४ जोड्या उरतात. वर्गात ५४ मुलं नसली तर एकेकाला दोन द्या, एका तासात फळा भरतो.

त्यांच्या इतर संख्याही एकदा ओळीने पाहा. ४५ चा वर्ग २०२५, त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. या कापरेकर संख्या. २०२५ साल उजाडलं तेव्हा ही ४५ ची गंमत व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरली. माझ्याकडे आलेल्या संदेशांत मात्र देवळालीच्या मास्तरांचं नाव एकातही नव्हतं. मग हर्षद संख्या, म्हणजे ज्यांना स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो त्या. १९०५ ला १५ ने भाग जातो, १९६२ ला १८ ने. म्हणजे मास्तरांचा जन्म आणि निवृत्ती दोन्ही हर्षद सालात. ते गेले ते १९८६ मात्र हर्षद नाही. खुद्द ६१७४ ही हर्षद आहे, भागाकार करून पाहा, ३४३ येतात, म्हणजे ७ चा घन. बाहेरच्या जगात याच संख्यांना निवेन संख्या असंही म्हणतात, पण आपल्याकडे तरी हर्षदच म्हणूया.

स्वयंभू संख्या मला सगळ्यांत आवडतात. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१, म्हणून १५ ही २१ ची जनक. १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. २० ला मात्र एकही नाही. कुठूनही सुरुवात करा, २० काही येत नाही. अशा आपल्या आपण असलेल्या संख्यांना मास्तरांनी स्वयंभू म्हटलं. त्र्यंबकेश्वरच्या जिल्ह्यात राहून दुसरं कुठलं नाव सुचणार! डेमलो संख्यांचं नाव तर रेल्वे स्टेशनावरून आलं. मुंबईपासून तीस मैलांवर, जी.आय.पी. रेल्वेच्या ज्या स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली त्याचं नाव डेमलो. १११ चा वर्ग १२३२१ आणि ११११ चा १२३४३२१ ही त्याच कुळातली. गाडीची वाट बघताना आपण काय करतो ते आठवा, आणि हे काय करत होते ते पाहा.

या साऱ्यांत बेरीज, वजाबाकी, वर्ग आणि भागाकार यांपलीकडे काही लागत नाही. सातवीचं पोर यातलं प्रत्येक वाक्य तपासू शकतं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. जो माणूस रोज सकाळी मुलांपुढे उभा राहतो, त्याच्या डोक्यात प्रश्नही मुलांना पेलतील असेच येत राहतात. कापरेकरांचं संशोधन आणि त्यांची मास्तरकी या दोन वेगळ्या गोष्टी नसाव्यात असा माझा कयास आहे. तो खरा की खोटा हे त्यांच्या वर्गात बसलेलेच सांगू शकतील, आणि म्हणून हा सगळा खटाटोप.

त्या काळी बऱ्याच गणितज्ञांनी त्यांना हसण्यावारी नेलं. ही कसली संशोधनं, आकड्यांचे चाळे आहेत, असा सूर होता. ती टीका अगदीच बिनबुडाची होती असं मी म्हणणार नाही. दशमान पद्धत सोडून दुसऱ्या पायावर संख्या लिहिल्या की ६१७४ ची जादू राहत नाही. जे संख्या लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे ते खोल गणित नव्हे, हे प्राध्यापकांचं म्हणणं त्यांच्या ठिकाणी बरोबर होतं. पण शाळेत मुलाला संख्या भेटते ती लिहिलेलीच भेटते. एकक, दशक, शतकाच्या घरात बसलेली. तिच्याशी दोस्ती करायची तर तिथूनच करावी लागते. विद्यापीठाच्या गजाने मोजून मास्तर तोकडे ठरले, आणि शाळेच्या गजाने त्यांना मोजायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

नियतकालिकांनी छापलं ते छापलं, बाकीचं मास्तर स्वतःच्या खर्चाने छापत. लहान लहान पुस्तिका, आणि प्रकाशक म्हणून पत्ता लेखकाचाच: खरेज वाडा, देवळाली. शाळामास्तराच्या पगारातून छपाईचे पैसे काढणं म्हणजे काय ते तुम्हाला समजावून सांगायला नको. ते स्वतःबद्दल म्हणत की दारुड्याला जसं त्या सुखात राहण्यासाठी पीतच राहावंसं वाटतं, तसं माझं संख्यांच्या बाबतीत आहे. लष्करी छावणीच्या गावात राहून मास्तरांनी हीच उपमा निवडावी, याची मला मौज वाटते.

निवृत्तीनंतरची चोवीस वर्षं मला जास्त भिडतात. निवृत्त झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १९६३ ला, स्वयंभू संख्यांवरची त्यांची पुस्तिका निघाली. १९६६ ला पत्नी गेल्या. राहणी अगदी साधी, तरीही पेन्शन पुरेना. मग गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या. साठीतला माणूस सायकलवर टांग टाकून घरोघर शिकवायला जायचा, नाहीतर नदीकाठी बसून आकड्यांचा विचार करायचा, असं त्यांच्याबद्दल लिहिलेलं आहे. कोपर्निकसच्या पाचशेव्या जन्मवर्षाच्या निमित्ताने त्यांनी त्याच्या नावाचा जादूचा चौरस रचला, त्यावरचा लेख १९७४ मध्ये विज्ञानाच्या इतिहासाला वाहिलेल्या भारतीय नियतकालिकात आला. आणि मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांवर लिहिलं. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. शाळा सुटून तेरा वर्षं झाली होती. त्यानंतर एकदम सगळ्यांना त्यांची ओळख पटली! १९८० साली, पंचाहत्तरीत, रंजक गणिताच्या एका परदेशी नियतकालिकात त्यांचा कापरेकर संख्यांवरचा लेख आहे. स्वतःच्या नावाच्या संख्यांवर स्वतःच लिहिण्याचा योग फार थोड्यांच्या नशिबी येतो. १९८६ ला देवळालीतच ते गेले, वय ८१.

नाशिककरांना आपली माणसं कशी जपायची हे बाहेरच्याने शिकवायची गरज नाही. कुसुमाग्रजांचा वाढदिवस २७ फेब्रुवारीला सारा महाराष्ट्र मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतो. लोक कापरेकरांना ‘गणितानंद’ म्हणत, म्हणजे प्रेमही काही कमी नव्हतं. पण शिक्षकाचं असं होतं की त्याचं काम कागदावर राहत नाही. फळा तासाच्या शेवटी पुसला जातो. जे काही उरतं ते मुलांच्या डोक्यात, आणि ती मुलं आता म्हातारी झाली आहेत.

तर त्यांना काय विचारायचं? ‘मास्तरांबद्दल दोन शब्द सांगा’ असं कृपा करून विचारू नका. त्याला ‘फार थोर माणूस होते हो’ एवढंच उत्तर येतं, आणि ते आपल्याला आधीच माहीत आहे. बारीकसारीक विचारा. वर्गात शिरल्यावर पहिलं काय करायचे? तोंडी हिशेब घ्यायचे का? ६१७४ फळ्यावर कधी मांडला होता का, की ते पुढे पेपरात वाचून कळलं? एखादी नवी गंमत सापडली की आधी मुलांना दाखवायचे का? गणितात कच्च्या मुलाशी कसे वागायचे? छडी होती का? त्या काळच्या शाळेत बहुतेकांच्या हातात असायची. वर्गात मुली होत्या का, आणि त्यांना प्रश्न विचारले जायचे का? मुलं पाठीमागे त्यांना काय नावाने हाक मारायची? पालक काय म्हणायचे? हे सगळं विचारल्यावर मग, कंटाळा येईपर्यंत, गप्प बसून ऐका.

कुणी म्हणेल, मास्तर आकड्यांच्या नादाला लागले की पोर्शन मागे राहायचा. कुणी म्हणेल, आम्हाला काही कळायचं नाही, हुशार पोरांकडेच त्यांचं लक्ष. तेही जसंच्या तसं उतरवा. गुळगुळीत केलेल्या आठवणींचा गणिताच्या शिक्षकाला काही उपयोग नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी अभ्यासक्रमाबाहेरचं काही शिकवायला गेलं तर कुठे फसतं आणि कुठे साधतं, हे त्या तक्रारींतूनच जास्त कळेल. वय झालेल्या माणसाच्या आठवणीत सालं पुढेमागे होतात, दोन मास्तर एक होऊन जातात. त्यासाठी शाळेतली जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवह्या, आहेत. नाव आणि साल तिथे ताडून घेता येईल. पण ताडणी नंतर करा. बोलणाऱ्याला मध्येच ‘नाही हो आजोबा, ते साल दुसरं’ असं सांगितलं की तो पुढचं बोलतच नाही.

हे काम तुम्ही स्वतः करायची गरज नाही. आठवी-नववीची मुलं ते जास्त चांगलं करतील. दोन मुलं, एक मोबाइल, एक आजोबा किंवा आजी. मुलांपुढे म्हातारी माणसं मोकळी होतात, आपल्यापुढे ती भाषण करतात. रेकॉर्डिंगला आधी परवानगी घ्यायला शिकवा, आणि कुणाला आपलं नाव नको असेल तर ते गाळा. आल्यावर मुलांनीच ऐकून वहीत उतरवायचं, बोललेल्या भाषेतच. ‘आमचं गणित लई कच्चं व्हतं’ असं कुणी म्हणालं तर ‘माझे गणित कमकुवत होते’ असं करू नका.

आणि हो, घरांचे माळेही धुंडाळा. ज्यांचे वडील, आजोबा त्यांच्याकडे शिकवणीला होते त्यांच्या घरी एखादी पुस्तिका निघू शकेल. इंग्रजीत छापलेली, पातळशी, पिवळी पडलेली, आत नुसते आकडे, म्हणून रद्दीत जायला अगदी लायक दिसणारी. सापडली तर लॅमिनेट करू नका, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. उजेडात ठेवून पानापानाचे फोटो घ्या आणि मूळ प्रत ज्याची त्याला परत करा. त्याच घरात एखादी शाळकरी वही निघाली, मास्तरांच्या हातची लाल शाई असलेली, तर ती माझ्या मते पुस्तिकेपेक्षाही मोलाची. पुस्तिकेत गणितज्ञ भेटेल, त्या लाल शाईत मास्तर भेटेल.

तुमच्या डोक्यावर काय काय आहे ते मी जाणतो. यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, मतदार याद्या, वरून आलेले गुगल फॉर्म. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बिगरशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच हे पत्र शिक्षण विभागाला न लिहिता तुम्हाला लिहिलं. वरून परिपत्रक आलं असतं तर १७ जानेवारीला प्रत्येक शाळेत एक फ्लेक्स लागला असता, फोटोला हार घातलेला फोटो काढून पाठवला गेला असता, आणि अठरा तारखेला सगळं संपलं असतं. जयंतीला माझा विरोध नाही. पण त्या दिवशी हार कमी आणि वजाबाक्या जास्त झाल्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं, असा माझा अंदाज.

सगळ्या शाळांनी मिळून करायची गरज नाही. ज्या शाळेला जमेल तिने सुरुवात करावी. मास्तरांचे जुने विद्यार्थी एकमेकांना ओळखत असतात, एक सापडला की तो पुढच्या तिघांचे पत्ते देतो. पहिला कसा सापडेल म्हणाल तर प्रार्थनेच्या वेळी नुसतं विचारा: ‘कुणाच्या घरी कापरेकर मास्तरांकडे शिकलेलं कुणी आहे का?’ रविवारी सकाळी बाकावर गप्पा मारत बसणाऱ्या ज्येष्ठ मंडळींनाही विचारता येईल. जे बाहेरगावी गेलेत त्यांच्याशी फोनवर बोला, पण आधी मुलगा किंवा सून यांच्याशी बोलून वेळ ठरवा. दुपारी झोपायची वेळ असते.

जमेल ते वर्षअखेरीला एका जागी ठेवूया. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे, आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त टिकेल. लिहून काढलेल्या वह्यांची एक प्रत तिथे द्यायचा प्रस्ताव आपण मिळून मांडू, आणि एक प्रत ज्या त्या शाळेच्या ग्रंथालयात राहील. वह्या उतरवायला, रजिस्टरं चाळायला, आजोबांना रिक्षाने शाळेत आणायला मनुष्यबळ कमी पडलं तर निवृत्त शिक्षकांना हाक मारा. आमच्याकडे वेळ आहे, आणि शुद्धलेखन तपासायची खोड अजून गेलेली नाही.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
नाशिक